सातबारा, डझन आणि दशांश

रत्नागिरीत अपूर्णांक शाळेपुरता उरत नाही. हापूसचा भाव डझनावर ठरतो आणि वडिलोपार्जित जमिनीत कुणाचा एक तृतीयांश हिस्सा असतो, कुणाचा एक षष्ठांश. हेच आकडे दशांशात मांडताना चार गैरसमज हमखास आड येतात.

गैरसमज : छेद मोठा असला की दशांश लांबत जातो.
वस्तुस्थिती : छेदाच्या आकाराचा इथे संबंध नाही. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या. छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तरच भागाकार संपतो. जुन्या रुपयाचे ६४ पैसे होत. १/६४ म्हणजे नेमके ०.०१५६२५. त्याच रुपयाच्या १९२ पै होत. १९२ मध्ये ३ हा अवयव आहे, म्हणून १/१९२ कधीच संपत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हा एक आणा (१/१६ रुपया) बरोबर सव्वासहा पैशांचा ठरला.

गैरसमज : छेद १२ म्हणजे आवर्ती दशांश ठरलेलाच.
वस्तुस्थिती : डझनातले ३ आंबे म्हणजे ३/१२, म्हणजेच १/४, म्हणजे ०.२५. पण ७ आंबे घ्या. ७० ला १२ ने भागले की ५ येतात, बाकी १०. १०० ला भागले की ८, बाकी ४. ४० ला भागले की ३, बाकी पुन्हा ४. बाकी तीच आली की अंकही तोच येत राहणार : ०.५८३३३...

गैरसमज : ०.३३ म्हणजेच एक तृतीयांश.
वस्तुस्थिती : एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिघा भावंडांना ०.३३ हेक्टरप्रमाणे वाटले, तर १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा, कुणाच्याच नावावर चढत नाही. प्रत्येकी ३,३३३ चौरस मीटर धरले, तर फक्त एक चौरस मीटर उरतो.

गैरसमज : दोन एकर वीस गुंठे म्हणजे २.२० एकर.
वस्तुस्थिती : एकराचे गुंठे ४०. वीस गुंठे म्हणजे २०/४०, अर्थात ०.५. म्हणून जमीन अडीच एकर, २.५. सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरला ही अडचण येत नाही, कारण हेक्टरचे आर १०० असतात.

वाटणीच्या कागदावर हिस्सा १/३ असाच लिहा. दशांश काढायचा तो अगदी शेवटी, तोही चौरस मीटरमध्ये.