कॅप बसते, पण टिकते का?

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारीला अम्मींनी खजूर तोंडात टाकला आणि बी समजून हातावर काढली ती त्यांच्या दाढेची कॅप निघाली! इम्प्लांटवर ती 'पक्की' बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. "एवढे पैसे ओतले ते कशाला?" अम्मींच्या या प्रश्नावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे. त्यांनी कॅप दिव्याखाली धरून आतल्या कोपऱ्यातला खडूसारखा पांढरट थर दाखवला. तो होता आधीच्या तात्पुरत्या सिमेंटचा.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात आढळले. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. या स्क्रूवर एक छोटा खुंट असतो आणि खुंटावर कॅप. काही कॅप स्क्रूने आवळतात, काही सिमेंटने चिकटवतात. चिकटवायची कॅप अनेकदा आधी कच्च्या सिमेंटने लावतात. चावताना दात नीट जुळतात का, हिरडी कशी राहते, हे काही दिवस पाहायचे आणि मग कॅप काढून पक्के सिमेंट लावायचे. मधे कच्चे सिमेंट पुसून काढायचे असते, आणि घाई होते ती तिथेच.

आपल्याकडे कल्हईवाला दारात यायचा, तेव्हा भांडे आधी घासूनपुसून, तापवून, नवसागर टाकून मगच कथील फिरवायचा. तेलकट डाग राहिला की तिथे कल्हई धरायचीच नाही. इथेही तसेच. जुना थर उरला तर नवे सिमेंट धातूला भिडत नाही, त्या थरालाच चिकटते. थर जाड असेल तर कॅप पूर्ण खालीही बसत नाही. शिवाय काही कच्च्या सिमेंटांत लवंगेच्या तेलातले युजेनॉल असते. दाढदुखीला ते गुणकारी, पण रेझिन जातीच्या पक्क्या सिमेंटला नीट कडक होऊ देत नाही. म्हणून युजेनॉल नसलेली कच्ची सिमेंटेही मिळतात.

नुसते टोकदार हत्याराने खरवडले की वरवर स्वच्छ दिसते, बारीक खाचांत मात्र सिमेंट राहते. कॅप तोंडाबाहेर असते, त्यामुळे तिच्या आत ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड हवेच्या दाबाने मारता येते किंवा ती अल्ट्रासोनिक यंत्रात धुता येते. खुंट तोंडातच असतो. तिथे हात हलका लागतो, कारण पोलादी हत्याराने टायटॅनियमवर ओरखडे उठतात.

याची दुसरी बाजूही डॉक्टरांनी सांगितली, आणि मला ती जास्त काळजीची वाटली. पक्के सिमेंट बसवताना हिरडीखाली ओघळले आणि तिथेच राहिले, तर सूज येते, रक्त येते आणि हळूहळू इम्प्लांटभोवतीचे हाड झिजू शकते. कॅप निघाली तर निदान कळते तरी. हे बरेच दिवस कळतही नाही.

कॅप निघालीच तर ती डबीत जपून ठेवा आणि लवकर दवाखाना गाठा. आमच्या शेजारच्या चाचांनी घरच्या फेविक्विकने चिकटवली होती. ती वाकडी बसली आणि काढताना फुटली. पक्की कॅप बसवायच्या दिवशी "जुने सिमेंट आतून आणि खुंटावरून काढले ना?" एवढे विचारायला संकोच नको.

अम्मींची तीच कॅप साफ करून पुन्हा बसवली. साफसफाईलाच लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खजूर मात्र त्या अजून दुसऱ्या बाजूनेच चावतात.