डाव्या पायाचा दुर्वास

1994 सालच्या जुलै महिन्यातली ती रात्र मला अजून आठवते. अमेरिकेत विश्वचषक फुटबॉल स्पर्धा ऐन रंगात आली होती आणि जेवणे आटोपून आमचे सारे घर टीव्हीपुढे बसले होते. सामना जर्मनी आणि बल्गेरियाचा. जगज्जेता जर्मनी एका गोलने पुढे. शेवटची पंधरा मिनिटे उरली असताना बल्गेरियाला फ्री किक मिळाली. चेंडूमागे आठ नंबरचा, कपाळाला आठ्या घातलेला एक गडी उभा राहिला. आई म्हणाली, "अगबाई, हा खेळायला आलाय की भांडायला?"

तेवढ्यात त्याचा डावा पाय फिरला. चेंडू जर्मनांच्या भिंतीवरून वळत थेट जाळ्यात! तीनच मिनिटांनी लेचकॉव्हने डोक्याने दुसरा गोल केला आणि जर्मनीचा खेळ आटोपला. वडिलांनी टाळ्या पिटल्या. "माणसात असा दम पाहिजे!" ते म्हणाले. वडील स्वतः शीघ्रकोपी, हे ओघाने आलेच.

त्या गड्याचे नाव ख्रिस्तो स्टॉइचकॉव्ह. जन्म 1966 सालचा, प्लॉव्हदिव शहरातला. आईचा प्रश्न किती अचूक होता, ते मला पुढे त्याची हकीकत वाचताना कळले.

1985 साली सोफियात बल्गेरियन चषकाचा अंतिम सामना झाला. सीएसकेए आणि लेव्हस्की हे हाडवैरी मैदानातच हातघाईवर आले. सरकार इतके संतापले, की दोन्ही क्लब बरखास्त झाले. एकोणीस वर्षांच्या स्टॉइचकॉव्हवर आजन्म बंदी आली! ती पुढे उठली म्हणून बरे. नाहीतर ही कहाणी तिथेच संपली असती.

1989 साली बार्सिलोनाविरुद्धच्या दोन सामन्यांत सीएसकेएचे तिन्ही गोल त्याने एकट्याने केले. सीएसकेए हरली, पण बार्सिलोनाचे प्रशिक्षक योहान क्रायफ यांनी माणूस हेरला. त्यांच्या सभ्य संघाला असा तिखट गडी हवाच होता. 1990 साली तो स्पेनमध्ये आला आणि त्याच डिसेंबरात, रिअल माद्रिदविरुद्ध खेळताना, चक्क पंचांच्या पायावर पाय देऊन मोकळा झाला! पुन्हा बंदी. पण परतला तो गोल करीतच. 1991 पासून ओळीने चार वर्षे बार्सिलोना स्पेनची विजेती ठरली. 1992 साली युरोपियन चषकही आला.

आणि बल्गेरिया? 1994 पूर्वी पाच विश्वचषकांत या देशाने एकही सामना जिंकला नव्हता. त्या वर्षी तो थेट उपांत्य फेरीत गेला. स्टॉइचकॉव्हचे गोल सहा. वर्षअखेर युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर त्यालाच मिळाला.

इथे थांबलो असतो, तर वडिलांचे म्हणणे खरे ठरले असते. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. 2003 साली, सदतिसाव्या वर्षी, तो वॉशिंग्टनच्या संघाकडून कॉलेजच्या मुलांशी एक साधा सरावाचा सामना खेळत होता. त्यात त्याने एका मुलाला असे आडवे केले, की त्या अठरा वर्षांच्या पोराचा पाय मोडला. पुढे तो बल्गेरियाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा 2006 साली संघाच्या कर्णधारानेच त्याच्या हाताखाली खेळायला नकार दिला.

वाचकहो, असा एखादा माणूस पुष्कळ घरांत असतो. तो कर्तबगार असतो, म्हणून घरचे त्याचा राग सोसतात. वर त्यालाच दम म्हणतात. आमच्याही घरी तेच झाले. तो राग नसता, तर तो गोल झाला असता का? मला वाटते, नसता झाला. ती फ्री किक पुन्हा पाहताना माझी टाळी आजही वाजतेच. पण हल्ली टाळी ओसरली की तो वॉशिंग्टनचा मुलगा डोळ्यांपुढे येतो, आणि त्या रात्री वडिलांच्या बोलण्यावर काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेलेली आईही.