हात कधी आवरायचा?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी नवखा इंजिनिअर होतो, तेव्हा सीएनसी लेथवर एक जुने टर्नर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, तीन मायक्रॉन मोठा निघाला की मामा ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, तीनने कमी करत. पुढचा दोनने लहान निघाला की लगेच दोनने वाढवत. मन लावून काम करणारा माणूस, तरी मापं सैरभैर. मशीन स्थिर असताना प्रत्येक नगामागे असं धावलं, तर मापांचा पसारा जवळपास ४१ टक्क्यांनी वाढतो, हे गणित मला फार उशिरा कळलं.

याच दुखण्यावरचा उतारा १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत कागदावर आला. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट या पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने आपल्या साहेबांना जेमतेम पानभराचं टिपण दिलं. त्याचा साधारण तिसरा हिस्सा एका आकृतीने व्यापलेला होता. तोच पहिला कंट्रोल चार्ट. शूहार्टचं म्हणणं सरळ होतं. फरक दोन जातींचे असतात: यंत्रणेच्या अंगचे, आणि शोधून काढता येईल अशा कारणाने आलेले. पहिल्यांच्या नादी लागू नका, दुसऱ्यांना सोडू नका.

ठरावीक वेळाने पाच नग मोजायचे, त्यांची सरासरी एका आलेखावर, सर्वांत मोठ्या व लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, दुसऱ्यावर. सरासरी रेंज १० मायक्रॉन असेल, तर सरासरीच्या आलेखावरची वरची-खालची मर्यादा मध्यरेषेपासून साधारण पावणेसहा मायक्रॉनवर येते. हे तीन सिग्माचं, म्हणजे सरासऱ्यांच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतर. सारं सुरळीत असताना ठिपका त्याबाहेर पडण्याची शक्यता ३७०त एकदा. या रेषा ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समधून, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकातून, येत नाहीत. टॉलरन्स ग्राहक ठरवतो. ही मर्यादा मशीन स्वतः सांगतं. आमच्याकडे निम्मे वाद इथेच होत.

१९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात येऊन गेले. १९५० मध्ये त्यांच्याच विचाराचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग जपानला गेले, आणि तिथल्या कारखानदारांनी ऐकलंही. आपल्याकडे पाहुणचार झाला, सवय मात्र लागायला दशकं गेली. २००३ साली महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार मिळाला, तोवर सुट्या भागांच्या पुरवठादारांकडे चार्ट पोचले होते, पुष्कळदा ऑडिटपुरते. आदल्या संध्याकाळी एकाच पेनाने भरलेले असे कागद मी पाहिलेत. गंमत अशी, की लागोपाठ पंधरा ठिपके मध्यरेषेला चिकटून बसले, तर चार्टच्याच नियमाने तेही संशयास्पद!

मामांना आम्ही एक पाळी फक्त ठिपके मांडायला सांगितलं, ऑफसेटला हात नाही. ते चिडले. "मग मी इथं काय करू?" दुपारपर्यंत ठिपके वर-खाली, मर्यादेत. मग सलग सात खाली उतरत गेले. कुणी काही म्हणायच्या आत मामांनी मशीन थांबवलं, झिजलेल्या इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड फिरवली आणि आठव्या ठिपक्याशेजारी पेन्सिलने तसं लिहून ठेवलं.