ताजी बिअर : चव घ्या, पण ग्रॅमचा हिशेब ठेवा

'डॉक्टर, मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो,' हे वाक्य बिबवेवाडीतल्या कोणत्याही दवाखान्यात ऐकायला मिळते. अलीकडे त्याला एक पुस्ती जोडली जाते : 'तीसुद्धा बाटलीतली नाही, मायक्रोब्रुअरीतली ताजी.' ताजी म्हणजे निरुपद्रवी, असा समज त्यामागे असतो. तो तपासून पाहायला हवा.

मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती विकणारी छोटी मद्यशाळा. पुण्यात हा प्रकार 2009 साली 'डूलाली'ने आणला. बिबवेवाडीहून कोंढव्याच्या पलीकडे गेले की जो एनआयबीएमचा परिसर लागतो, तेथील एका हॉटेलात ती सुरू झाली. देशातील अगदी पहिल्या काही मद्यशाळांपैकी ही एक. नावाची गंमत अशी, की ते नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडत आणि त्यांची डोकी फिरत. त्यावरून वेड लागण्याला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणू लागले. यातला 'टॅप' म्हणजे आपलाच ताप! पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क भागात अशा आणखी जागा झाल्या.

बिअर बनण्याची रीत आपल्या गृहिणींना परकी वाटू नये. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो. तेच येथे जवाचे, म्हणजे सातूचे करतात. मोड आलेले सातू भरडून साधारण 65 अंशांच्या गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिष्टाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. एवढेच. कारखान्यातल्या बिअरमध्येही मूळ रसायन हेच असते. फरक असतो तो गाळण्याचा, टिकवण्याचा आणि चवीचा.

चवीचा फरक मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे वा लवंग काहीही नसते, तो यीस्टचा प्रताप. बेल्जियन पद्धतीच्या पांढुरक्या बिअरमध्ये मात्र चक्क धणे आणि संत्र्याची साल घालतात. काळ्या स्टाउटला भाजलेल्या सातूमुळे कॉफीसारखी चव येते. 'आयपीए' कडू असते. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्याला ती लवकर जमते. हा आस्वाद घ्यायचा तर क्रम फिकीकडून गडदकडे ठेवावा, आधी वास घ्यावा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी. खारे शेंगदाणे टाळावेत. त्यांनी तहान वाढते आणि जीभही बोथट होते. पोट रिकामे असू नये.

आता हिशेब. फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे टक्केवारी लिहिलेली असते, ती पाहण्याची सवय लावावी. मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले 0.8, भागिले 100. आले ते अल्कोहोलचे ग्रॅम. 5 टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे 20 ग्रॅम. 60 मिली व्हिस्कीतही साधारण तेवढेच असते. 7 टक्क्यांच्या आयपीएचा तोच ग्लास 28 ग्रॅमचा. चव पाहण्यासाठी जो सॅम्पलर मिळतो, त्यात 100 मिलीचे सहा छोटे ग्लास धरले तरी 24 ग्रॅम झाले. 'मी नुसती चव पाहिली' म्हणणाऱ्याने एका लार्ज पेगपेक्षा जास्त घेतलेले असते! चौघांत एक सॅम्पलर वाटून घेतला तर ती खरी चव. आणि अल्कोहोल कोणत्याही पेयातले असो, कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते 1988 पासून आहे. पूर्णपणे सुरक्षित असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टच सांगितले.

मुतखड्याचे तेवढे वेगळे सांगावे लागेल, कारण 'बिअर पी, खडा पडेल' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. बिअर घेणाऱ्यांत नवीन खडे होण्याचे प्रमाण कमी दिसले, असे काही मोठे अभ्यास आहेत, हे खरे. पण झालेला, अडकलेला खडा बिअरने बाहेर पडतो असे त्यातून सिद्ध होत नाही. बिअरने लघवी जास्त होते, कारण अल्कोहोल मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवू देत नाही. नंतर शरीर कोरडे पडते. शिवाय बिअरमधील प्युरिनमुळे युरिक ॲसिड वाढते. ज्याचा खडाच युरिक ॲसिडचा आहे त्याने बिअर पिणे म्हणजे आगीत तेल. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके साधे पाणी हे काम बिनखर्चात करते.

याच कारणाने अंगठ्याचा सांधा सुजणाऱ्या गाऊटच्या रुग्णांनी बिअर, अगदी बिनअल्कोहोलची सुद्धा, टाळावी. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर बिअरनंतर रात्री झोपेत धोकादायक खाली जाऊ शकते. घरच्यांना वाटते, प्यायल्यामुळे झोपला आहे. झोपेच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल, तर घोटभरही नको. गरोदर स्त्रीसाठी तर प्रश्नच नाही. गहू-सातूतील ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांना ही बिअर बाधते.

राहिला घरी परतण्याचा प्रश्न. वाहन चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा ठरतो. 2019 पासून पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल संपवते. लिंबूपाणी, काळी कॉफी वा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. सॅम्पलर आणि वर एक मोठा ग्लास म्हणजे 44 ग्रॅम. रात्री नऊला सुरुवात केली तर ते शरीरातून जाईपर्यंत पहाटेचे तीन वाजतात. मुंढव्याहून बिबवेवाडीला रिक्षा रात्रीसुद्धा मिळते.