एस्टेट गाडीचा संसार : वेग हवा, सामानही हवे

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

आठवडाभर कार्यालय आणि मुलांची शाळा, शनिवारी मोंढ्यातील किराणा, सुगीनंतर गावाकडून येणारी ज्वारीची पोती आणि सुटीत लांबचा प्रवास. ही सारी कामे एकाच गाडीने करावीत आणि ती चालविण्यात आनंदही मिळावा, या अपेक्षेतून युरोपात 'एस्टेट' गाडी रुळली. सेदानचेच छत मागच्या टोकापर्यंत नेले, की एस्टेट तयार होते. भारतात मात्र हा प्रकार कधी रुजला नाही. या शहराशी नाव जोडल्या गेलेल्या ऑक्टाव्हियाची 'कॉम्बी' त्यापैकीच एक. आज तिच्यासारखी जुनी एस्टेट रोजच्या वापरासाठी घ्यावी का, याचे उत्तर वेगात नव्हे, तर देखभालीत दडलेले आहे.

शेंद्र्याचा वारसा

जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील स्कोडाच्या कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. २००४ मध्ये १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० अश्वशक्तीची 'आरएस' आली. त्या काळात भारतीय बाजारात टर्बो पेट्रोल ही नवलाईच होती. ऑक्टाव्हियाचीच एस्टेट आवृत्ती असलेली कॉम्बीही येथे विकली गेली; मात्र तिचे ग्राहक मोजकेच राहिले.

टाटा एस्टेट (१९९२), मारुतीची बलेनो अल्टुरा आणि टाटा इंडिगो मरीना (२००४) यांचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. मागे स्वतंत्र डिकी दिसली तरच गाडी प्रतिष्ठेची, हा समज पक्का होता. त्यात २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. लांब शेपटीच्या एस्टेटला त्याचा लाभ मिळणे शक्य नव्हते. पुढे उंच एसयूव्हींनी तिची उरलीसुरली जागाही घेतली.

जागेचे गणित

पहिल्या पिढीच्या साध्या ऑक्टाव्हियाची डिकी ५२८ लिटरची, तर कॉम्बीची ५४८ लिटरची. म्हणजे फरक अवघा २० लिटरचा. मागची सीट पाडल्यावर मात्र हे आकडे अनुक्रमे १३२८ आणि १५१२ लिटर होतात. एस्टेटचा खरा फायदा आकारात आहे. तिची मागची बाजू उभी असल्याने सायकल, कपाट किंवा फ्रीजसारखी उंच वस्तू आत बसविणे सोपे जाते. शिवाय सामान खाली राहते. छतावरील कॅरियरवर बोजा चढविला, की वळणावर गाडी झुकते. एस्टेटमध्ये तो त्रास नाही.

अर्थात, पथ्ये आहेतच. जड पोती सीटच्या पाठीला टेकवून, अगदी तळाशी ठेवावीत. सुटे सामान बांधावे. अन्यथा अचानक ब्रेक लागल्यास ते पुढे बसलेल्यांवर येते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा असतो. तो गाडीवरील तक्त्यात दिलेला असतो. पण तो क्वचितच पाहिला जातो.

खड्डे आणि महामार्ग

शहरात कॉम्बीची परीक्षा गतिरोधकांवर होते. गाडी जमिनीलगत, त्यात मागे बोजा. अशा वेळी उंच गतिरोधकावर तळ घासण्याची भीती असते. तेथे वेग अगदी कमी करण्याला पर्याय नाही. मागच्या सीटवर पाय ठेवण्यास जागा बेताचीच, ही पहिल्या ऑक्टाव्हियाची जुनी उणीव कॉम्बीतही कायम आहे.

समृद्धी महामार्गावर मात्र ही गाडी आपले गुण दाखविते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात बुटकी, स्थिर गाडी चालकाला कमी थकविते. पण काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर जुने टायर जीवघेणे ठरू शकतात. टायरच्या बाजूवरील चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली, तरी हे आकडे पाहूनच लांबचा प्रवास ठरवावा.

खर्च कोठे येतो?

जुनी आरएस स्वस्तात मिळाली, तरी ती स्वस्तात चालत नाही. पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा. तो तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. गाडी कमी चालली असली, तरी रबराचे वय होतेच. बेल्टसोबत पाण्याचा पंपही बदलणे शहाणपणाचे. टर्बोसाठी कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे. लांबच्या धावेनंतर इंजिन लगेच बंद न करता काही क्षण चालू ठेवावे. आता पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून त्या काळची इंजिने घडलेली नव्हती. त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि रबरी जोड वेळोवेळी तपासून घ्यावेत.

दुसरा खर्च सरकारी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. म्हणूनच एमएच-२० ची जुनी गाडी घेताना आधी आरसी बुकवरील मुदत पाहावी, रंग नंतर.

ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये भारतीय बाजारातून बाहेर पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएस परतली. पण केवळ १०० गाड्या, त्याही पूर्ण तयार स्वरूपात आयात केलेल्या आणि सुमारे ५० लाख रुपयांच्या. साहजिकच हौशी ग्राहकाची नजर जुन्या गाड्यांकडे वळते. घरात ही एकच गाडी असेल आणि विश्वासू मेकॅनिक जवळ नसेल, तर हा मोह टाळलेलाच बरा. ज्याला खरेदीनंतर लगेच बेल्ट, टायर आणि ब्रेक यांवर खर्च करण्याची तयारी ठेवता येते, त्याला मात्र पोती वाहणारी आणि महामार्गावर मन रमविणारी अशी दोन कामांची एकच गाडी मिळते.