दुरुस्तीस दिलेला काटा

आमच्या धान्याच्या पेढीवर दीडशे किलो वजन पेलणारा, विजेवर चालणारा एक प्लॅटफॉर्म काटा आहे. मागील पावसाळ्यात त्याचे आकडे स्थिर राहीनासे झाले. काट्यावर काही नसतानाही शून्याच्या जागी कधी चाळीस ग्रॅम, कधी साठ ग्रॅम दिसत. तेव्हा गावातील एका दुरुस्तीच्या दुकानात तो दिला. चार दिवसांनी 'लोडसेल बदलला, आता चिंता नाही' असे सांगून दुकानदारांनी तो परत केला, ४,२०० रुपये घेतले, आणि पावती म्हणून एका चिठोऱ्यावर तेवढाच आकडा लिहून दिला. आम्हीही घाईत होतो. दहा किलोचे एक वजन ठेवून पाहिले, बरोबर दहा दाखविले, आणि त्याच दिवशी ज्वारीची खरेदी सुरू केली.

आठव्या दिवशी खेड्यावरून आलेला एक शेतकरी काट्याजवळ अडून उभा राहिला. म्हणाला, "सावकार, पोतं घरनं पन्नास भरून आणलंय. हितं एकूणपन्नासावर दोनशे कसं?" असे बोलणे व्यापाऱ्याच्या कानांस नवे नसते, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तरही ठरलेले असते. परंतु या गृहस्थाच्या बोलण्यात भांडणाचा सूर नव्हता, केवळ आश्चर्य होते. त्यामुळे शेजारच्या पेढीवरून वीस किलोंची मुद्रांकित वजने मागवून आम्ही त्याच्यासमोरच काटा तपासला. एका वजनास वीस किलो बरोबर आले. दोन वजनांस ३९ किलो ६०० ग्रॅम, आणि तीन वजनांस ५८ किलो ८०० ग्रॅम आले. तीस किलोंपर्यंत खरा बोलणारा आणि त्यापुढे खोटा बोलणारा काटा आमच्या पाहण्यात प्रथमच आला.

याचे कारण पुढे दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने समजावून दिले. ते सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे असल्याने येथे थोडे विस्ताराने देतो. अशा काट्याच्या फळीखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, तोच लोडसेल. वजन पडताच तो दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटविलेल्या बारीक तारांच्या पट्ट्या त्यामुळे ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलाचे रूपांतर आकड्यांत होते. ठोकळा अतिभाराने मोडू नये म्हणून त्याच्या खाली अडसराचा एक बोल्ट असतो. काट्याची पूर्ण मर्यादा ओलांडल्यावरच फळी त्या बोल्टावर टेकावी, अशी त्याची उंची ठेवावयाची असते. लोडसेल बदलताना आमच्या कारागिराने हा बोल्ट वर राहू दिला. परिणामी तीस किलोंच्या सुमारास फळी बोल्टावर टेकू लागली, आणि पुढील भारातील काही भाग लोडसेलला न कळता परस्पर बोल्टानेच झेलला. दुकानात पाच-दहा किलोंची वजने ठेवून पाहणाऱ्यास हा दोष कधीच दिसणार नाही. म्हणून दुरुस्तीहून आलेला काटा हलक्या, मध्यम आणि जवळजवळ पूर्ण भारावर पाहावा. तेच एक वजन फळीच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवून आकडा बदलतो की काय तेही पाहावे. या कामास पाव तासही लागत नाही.

आम्ही दुकानदारांकडे गेलो. त्यांची उत्तरे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी, काट्याविषयी नसली तरी मोटार, पंप, शीतकपाट किंवा घड्याळ यांविषयी ऐकलेली असतील. 'आमच्याकडून गेला तेव्हा बरोबर होता.' 'तुमच्या माणसांनी पोती आपटली असतील.' आणि शेवटी, 'माल नेल्यावर तक्रार चालत नाही.' पुन्हा उघडून पाहावयाचे तर नवी मजुरी पडेल, असेही त्यांनी सांगितले.

संतापून दुसऱ्या कारागिराकडे धाव घेण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक असतो. परंतु दुसऱ्याने यंत्र उघडले की पहिल्याच्या चुकीचा पुरावा तेथेच संपतो. आम्ही आधी वजने ठेवलेल्या काट्याची, आकडे स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे घेतली. मग दुसऱ्या परवानाधारक कारागिरास बोलावून, काही न खोलता, जे दिसते ते तारखेसह लिहून घेतले. त्यानंतर पहिल्या दुकानास स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठविले. काम कोणते दिले, पैसे किती दिले, दोष नेमका कोणता, आणि दहा दिवसांत विनामूल्य दुरुस्त न केल्यास अन्यत्र दुरुस्ती करून खर्च वसूल करू, एवढेच त्यात लिहिले. रागाचे शब्द एकही नव्हते. ते पत्र पुढे तिऱ्हाइताने वाचावयाचे असते, हे विसरू नये.

या पत्रामागे कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यात, विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या वस्तूस निक्षेप म्हटले आहे. दुरुस्तीस दिलेली वस्तू ही निक्षेपच होय. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी कारागिराने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. करारभंगाची भरपाई कलम ७३ खाली मिळते. मात्र नुकसान आटोक्यात ठेवण्याचे जे उपाय आपल्या हाती होते, त्यांचाही त्यात विचार होतो. सदोष काट्यावर महिनाभर व्यापार करून महिन्याची भरपाई मागणाऱ्याची बाजू म्हणूनच लंगडी पडते.

वस्तू अजून दुकानातच असेल तर प्रश्न निराळा. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कलम १७० ने कारागिरास दिला आहे. कायद्यातील उदाहरण आपल्या व्यवसायबंधूंच्या परिचयाचेच आहे: पैलू पाडण्यास दिलेला हिरा जवाहिरा मजुरीसाठी अडवू शकतो. मात्र हा हक्क ठरलेल्या हेतूप्रमाणे केलेल्या कामापुरताच आहे. काम झालेच नाही किंवा बिघडले, तर त्याचा पाया डळमळतो. तथापि वस्तूची निकड असल्यास वाद घालीत बसण्यापेक्षा 'हरकत राखून रक्कम देत आहे' असे लेखी कळवून, पैसे भरून वस्तू सोडवावी आणि मग भांडावे. व्यवहारात हेच शहाणपणाचे ठरते.

आता ग्राहक आयोगाविषयी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो किंवा व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. बिल न देणे, आणि सदोष सेवेचे पैसे बिलात ठरविलेल्या मुदतीत, अथवा मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांत घातल्या आहेत. 'माल नेल्यावर तक्रार चालत नाही' ही पाटी या कायद्यापुढे उभी राहत नाही. केवळ सल्ला हवा असल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे.

परंतु येथे व्यापाऱ्याने सावध राहिले पाहिजे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नव्हे. स्वतःच्या श्रमाने केवळ उपजीविका करणाऱ्यास यातून सूट आहे, आणि अशा मनुष्याने एकदोन मदतनीस घेतले म्हणून ती सूट जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात म्हटले. छोट्या दुकानदारास हा आधार उपयोगी पडेल. आमच्यासारख्या गुमास्ते ठेवणाऱ्या पेढीस दिवाणी न्यायालयाचाच मार्ग, आणि त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. घरातील शिलाईयंत्र किंवा मिक्सर बिघडविला गेला तर आमच्या भगिनींना आयोगाचे दार मोकळे आहे. पेढीच्या काट्यासाठी ते आम्हांस बंद होते.

आमचा स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यास परवाना लागतो, आणि दुरुस्तीनंतर पडताळणी व मुद्रांकन झाल्याखेरीज काटा व्यापारात वापरता येत नाही. आम्ही परवाना विचारला नाही आणि मुद्रांकनही करून घेतले नाही. अधिकारी आले असते तर दंड आम्हांसही झाला असता. शिवाय आमचा काटा खरेदीचा होता. तो कमी दाखवीत असल्याने जे जात होते ते शेतकऱ्याचे होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याची मापे मोठी आणि देण्याची लहान ठेवणे, हा एक आहे. आम्ही जाणून केले नव्हते, हे खरे. पण पोती आमच्याच वखारीत पडली होती.

पत्र गेल्यावर सातव्या दिवशी दुकानदार स्वतः पेढीवर आले. चूक झाली असे त्यांनी म्हटले नाही. फळी काढली, पाना लावून बोल्ट खाली घेतला, आणि वीस किलोंची तिन्ही वजने ठेवून बरोबर साठ झाल्याचे दाखविले. मुद्रांकनाचा खर्च त्यांनी द्यावा असे आम्ही सुचविले, ते त्यांनी मानले नाही. तेवढ्यासाठी दावा लावणे आम्हांस परवडणारे नव्हते. तो विषय सोडला आणि काटा मुद्रांकनास नेला.

मग वही काढली. त्या आठ दिवसांत पन्नास किलोंची ६३ पोती त्या काट्यावर चढली होती. पोत्यामागे आठशे ग्रॅम धरून तूट ५० किलो ४०० ग्रॅम झाली, म्हणजे एका पोत्याहून थोडी अधिकच. ज्यांची नावे वहीत होती त्या शेतकऱ्यांस पुढील बाजारांत त्यांच्या वाट्याचे पैसे दिले. काहींनी ते दोनदा मोजून घेतले, एकाने हसून परत सरकविले, तरी आम्ही ते त्याच्या खिशात घातले. दोघे रोखीने माल देऊन गेले होते, त्यांची नावे कोणी लिहून घेतली नव्हती. त्यांची रक्कम खात्यावर 'अमानत' म्हणून अजून तशीच आहे.