बुरूज, सुरुंग आणि आमचं वळ

"तुमच्या वळला गोडाऊनशिवाय आहे तरी काय रे?" हा प्रश्न माझ्या रूम पार्टनरने इतक्या वेळा विचारलाय की तो व्हायवाला आला असता तर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते! त्याचं उत्तर मला सापडलं ते वसईच्या किल्ल्यात. भिवंडी रोडला दिवा-वसई गाडी पकडली की थेट वसई. सुट्टीत गेलो आणि सिव्हिलवाला म्हणून पहिल्यांदाच तटाकडे नीट बघितलं.

मित्रांनो, आपल्या डोंगरी किल्ल्यांचं अर्धं काम कडाच करतो. वसईला कडा नाही, जमीन सपाट. १५३४ च्या तहात पोर्तुगीजांना गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली. पुढे त्यांनी इथे भक्कम दगडी तट उभारला. तीन बाजूंना पाणी आणि चिखल, कोरडी वाट काय ती उत्तरेकडून.

आता बुरुजाचा आकार बघा. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात, पायथ्याशी, थोडी जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजावरूनही तिथे गोळी पोचत नाही. शत्रू तिथे घुसला की निवांत खणत बसतो. वसईचे बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनात काढलेले. त्यामुळे एका बुरुजाच्या दोन्ही बाजू शेजारच्या बुरुजांवरच्या तोफांच्या माऱ्यात येतात. लपायला जागाच नाही. ड्रॉइंग शीटवर रेघा मारून बघा, लगेच पटेल.

मग असा किल्ला पाडायचा कसा? चिमाजी अप्पांच्या फौजेने आधी आजूबाजूची ठाणी घेतली. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्याचं बांधकामसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. (हाच किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं जेल!) वसईला वेढा पडला फेब्रुवारी १७३९ मध्ये. त्याच सुमारास मराठ्यांची दुसरी फौज गोव्यावर चालून गेल्यामुळे तिकडून पुरेशी कुमक येणं अवघड झालं.

उत्तरेकडून मराठ्यांनी मोर्चे खणत खणत तट गाठला आणि बुरुजांखाली सुरुंग खोदले. सुरुंग म्हणजे पायाखाली नेलेलं भुयार. टोकाला दारू भरायची आणि मागचं तोंड माती-दगडांनी घट्ट बुजवायचं. तोंड उघडं राहिलं तर स्फोटाचा जोर आल्या वाटेने निघून जातो. बुजवलं तर तो वर उसळतो आणि बुरूज उचलून फेकतो. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरूज असाच उडाला. पण वात म्हणजे काही इलेक्ट्रिक स्विच नव्हे. काही सुरुंग उशिरा फुटले आणि खिंडारात शिरलेली आपलीच माणसं त्यात गेली. वेढ्यात मराठ्यांचे हजारो लोक कामी आले, तेव्हा कुठे किल्ला हाती आला. शरण आलेल्यांना मात्र मानाने जाऊ दिलं.

पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने हाच किल्ला महिन्याभरात घेतला, तो जड तोफा आणि उखळी तोफांच्या जोरावर. तट तोच होता! म्हणजे तट कितीही जाड असला तरी तो फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात बाहेरून मदत आली तर किल्ला वाचतो, नाहीतर नाही.

आता पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर. या मोहिमेत खाडीचे उतार, भरती-ओहोटी आणि आडवाटा यांची माहिती कोणी पुरवली? गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी. त्यांचं अंजूर म्हणजे आमच्या वळच्या शेजारचंच गाव. दारूगोळ्याइतकंच वजन या माहितीला होतं, कारण चुकलेली भरती अख्खी फौज खाडीत अडकवते.

पार्टनरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण ते अंजूर झालं, वळ कुठे?" आता त्याला घेऊनच वसईला जाणार आहे. तिकीट त्याने काढायचं!